घटक ४ : आळ, अफवा आणि भाषेची जबाबदारी

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

• आळ, किटाळ, बालंट, कुभांड, अफवा या शब्दांच्या अर्थच्छटा सांगता येतील.
• निनावी संदेशाच्या वाक्यरचनेचे विश्लेषण करता येईल.
• राईनपाडा येथील घटनेच्या आधारे खोट्या जाहीर आरोपाची मानवी किंमत स्पष्ट करता येईल.
• जबाबदारीने केलेला जाहीर आरोप आणि निनावी आळ यांतील भेद मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वृत्तलेखनाच्या भाषेचा विचार केला. बातमीत ‘कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसे’ या प्रश्नांची उत्तरे असावी लागतात, हे आपण पाहिले. आज मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या वाचनात बातमीपेक्षा अधिक मजकूर येतो तो भ्रमणध्वनीवरून. तो कोणी लिहिला, हे आपल्याला माहीत नसते. तो आपल्याकडे पाठविणारा मात्र ओळखीचा असतो. कधी तो भाऊ असतो, कधी शेजारी, कधी शाळेतला जुना मित्र. लिहिणारा अनोळखी आणि पाठविणारा विश्वासातला, अशी ही जोडी असते. पाठविणाऱ्यावरचा विश्वास आपण नकळत मजकुरावरही ठेवतो.

अशा मजकुरातून एखाद्या व्यक्तीवर किंवा समूहावर दोषारोप झाला आणि तो खोटा असला, तर काय घडते? हा प्रश्न समाजशास्त्राचा आणि कायद्याचा तर आहेच. तो भाषेचाही आहे. कारण आरोप ही प्रथमतः भाषिक कृती असते. सोलापूर जिल्ह्याशी निगडित असलेल्या एका घटनेच्या आधारे प्रस्तुत घटकात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ राईनपाडा : १ जुलै २०१८

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी रविवार होता आणि तो तेथील आठवडी बाजाराचा दिवस होता. त्या दिवशी भिक्षेसाठी गावात आलेल्या पाच जणांना ‘मुले पळवणारी टोळी’ समजून जमावाने घेरले. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथेच मारहाण करून त्यांना ठार करण्यात आले. मारहाणीची दृश्ये भ्रमणध्वनीवर चित्रित झाली आणि पुढे तीही हातोहात पसरली.

हे पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे होते. त्यांतील बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे रहिवासी होते. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हा या जमातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा जीवनक्रम. आपल्या जिल्ह्यातून शेकडो मैल दूर जाऊन पाल ठोकायचे, भोवतालची गावे फिरायची आणि पावसाळ्याच्या सुमारास घरी परतायचे, ही त्यांची रीत. मुले पळविण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता.

त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळ्यांविषयीचे संदेश देशाच्या अनेक भागांत फिरत होते. त्यांसोबत फिरणाऱ्या एका चित्रफितीत दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावरील मुलाला उचलून नेताना दिसत. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची येथे, बालसुरक्षेविषयी पालकांना सावध करण्यासाठी, तयार करण्यात आली होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठी सूचना येते. तो शेवट कापून टाकला गेला. खोटे रचावे लागले नाही. खऱ्याचा शेवट कापला, एवढ्यानेच काम भागले.

राईनपाडा हे एकटे उदाहरण नाही. ८ जून २०१८ रोजी आसामच्या कार्बी आंगलाँग जिल्ह्यात दोन तरुण अशाच अफवेला बळी पडले. २८ जूनला त्रिपुरात जमावाने ज्याला ठार मारले, तो माणूस अफवांवर विश्वास ठेवू नका, असे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठीच शासनाने नेमलेला होता. राईनपाड्याच्या घटनेच्या सुमारासच नाशिक जिल्ह्यातील मालेगावात दोन वर्षांच्या बालकासह पाच जणांना पोलिसांनी जमावाच्या हातून सोडविले. दोन ठिकाणी अफवा एकाच प्रकारची होती. एका ठिकाणी माणसे वाचली, दुसऱ्या ठिकाणी वाचली नाहीत.

४.३.२ आळ घेण्याची मराठी शब्दसंपदा

खोट्या दोषारोपासाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या छटा भिन्न आहेत. ‘आळ’ हा त्यांतील सर्वांत साधा शब्द. आळ येतो, किंवा कोणी तो घेतो. ‘किटाळ’ मात्र बहुधा येते. ते कोठून आले, हे सांगणे कठीण असते. ‘बालंट’ एखाद्यावर आणले जाते, म्हणजे त्यामागे हेतू असतो. ‘कुभांड’ रचले जाते; त्यात हेतू तर असतोच, शिवाय कारस्थानही असते. ‘ठपका’ ठेवणारा बहुधा अधिकारपदावर असतो. ‘बट्टा’ आणि ‘डाग’ लागतात. आरोप खोटा ठरल्यावरही मागे जे उरते, ते या शब्दांनी सांगितले जाते.

या शब्दांसोबतची क्रियापदे लक्षपूर्वक पाहावीत. काही क्रियापदांना ‘करणारा’ लागतो : घेणे, आणणे, रचणे, ठेवणे. काहींना तो लागत नाही : येणे, लागणे. कुभांड रचणाऱ्याला आपण जाब विचारू शकतो. किटाळ ‘येते’ तेव्हा जाब कोणाला विचारणार?

‘अफवा’ हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला. त्याचे मूळ अरबी असून मूळ अर्थ ‘तोंडे’ असा आहे. ज्या गोष्टीला अनेक तोंडे असतात, पण एकही वक्ता नसतो, ती अफवा. कंडी पिकणे, वावड्या उठणे, पराचा कावळा करणे, कर्णोपकर्णी होणे या वाक्प्रचारांतून हाच अनुभव मराठी माणसाने नोंदविला आहे. तोंडी अफवेला मात्र एक मर्यादा होती. ती सांगणारा समोर असे, त्याचा चेहरा दिसे, ‘तुला कोणी सांगितले?’ असे त्याला विचारता येई. लिखित संदेशाने ही मर्यादा काढून टाकली.

४.३.३ निनावी संदेशाचे व्याकरण

पुढील मजकूर अभ्यासासाठी रचलेला आहे. मात्र त्याचा नमुना आपणांस परिचित वाटेल.

‘आपल्या भागात मुले पळवणारी टोळी शिरल्याचे समजते. भिकाऱ्यांच्या वेषातील दहा-पंधरा जण आढळले आहेत. सर्वांनी सावध राहावे. हा संदेश जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवावा.’

या चार वाक्यांचे विश्लेषण करू.

(अ) जाणणाऱ्याची रिकामी जागा : ‘समजते’ आणि ‘आढळले आहेत’ ही क्रियापदे पाहा. कोणाला समजते? कोणाला आढळले? जाणणारा आणि पाहणारा वाक्यांतून गायब आहे. मराठीत ही रचना पूर्णतः शुद्ध आहे, म्हणूनच ती वाचताना काही खटकत नाही.

(आ) फिरते स्थळ : ‘आपल्या भागात’ या शब्दांचा अर्थ वाचणाऱ्यावर अवलंबून असतो. साक्रीत वाचले तर साक्री, सांगोल्यात वाचले तर सांगोला. संदेश जेथे जाईल, तेथे धोका त्याच्याबरोबर जातो. कोणत्याही एका गावी तो खरा नसतो, पण प्रत्येक गावी तो जवळचा वाटतो.

(इ) वेषावरून संशय : दुसऱ्या वाक्यात कोणत्याही व्यक्तीचे नाव नाही, आहे तो केवळ वेष. परिणामी तो वेष धारण करणारा प्रत्येक जण आरोपी ठरतो. वासुदेव, पिंगळा, बहुरूपी, डवरी यांना गाव पूर्वी वेषावरूनच ओळखत असे. वेष हीच त्यांची ओळखपत्रिका होती. ‘वेष पालटून टोळी फिरत आहे’ असे एकदा म्हटले, की हीच ओळख संशयाचे कारण बनते. खरा भिक्षेकरी आणि कल्पित गुन्हेगार यांत फरक करण्याचे साधनच उरत नाही.

(ई) विध्यर्थाची निकड : ‘राहावे’, ‘पोहोचवावा’ ही विध्यर्थी रूपे वाचणाऱ्यावर कर्तव्य सोपवितात. संदेश पुढे न पाठविणे म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेविषयी बेपर्वा असणे, असा भाव त्यातून निर्माण होतो. संदेश पाठविणारे बहुतेक लोक दुष्ट नसतात. आपल्या लेकरांच्या काळजीपोटीच ते तो पाठवितात. ही गोष्ट विसरून या विषयाचा विचार केल्यास तो अपुरा राहील.

या संदेशातील रिकाम्या जागांच्या तुलनेत राईनपाड्यातील पाच जणांचा विचार करावा. त्यांना नाव होते, गाव होते, तालुका होता, वाट पाहणारे घर होते. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे, तर त्यांच्या बाजूची सगळी पदे भरलेली होती. परंतु उत्तर असणे पुरेसे नसते. ते ऐकून घेण्यासाठी प्रश्न विचारणारा लागतो. निनावी आरोपात प्रश्न विचारणारा कोणीच नसतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

१. ‘किटाळ येणे’ आणि ‘कुभांड रचणे’ यांतील भेद दोन वाक्यांत सांगा.
२. ‘आपल्या भागात’ हा शब्दप्रयोग निनावी संदेशात परिणामकारक का ठरतो?

४.३.४ संशयाचा इतिहास

जमावाचा संशय नेमका भटक्यांवरच का गेला, याचे उत्तर केवळ एका संदेशात सापडणार नाही. ब्रिटिश शासनाने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत वाढविली. या कायद्याने व्यक्तीच्या कृत्यावरून नव्हे, तर जन्मावरून संपूर्ण जमातीला गुन्हेगार ठरविले. हजेरी, परवान्यावाचून प्रवासाला बंदी, कुंपणातील वसाहती असे त्याचे स्वरूप होते. सोलापुरातही अशी तारेच्या कुंपणाची वसाहत होती; त्या भागाला लोक ‘सेटलमेंट’ म्हणून ओळखतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. भटके व विमुक्त समाज हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात.

डवरी गोसावी ही भिक्षेवर जगणारी भटकी जमात आहे. मात्र कायद्याने रूढ केलेली संशयाची नजर हळूहळू सर्वच भटक्यांकडे वळली. कायदा गेला, नजर राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने या नजरेखाली जगण्याचा अनुभव मांडतात. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोन्हींची शीर्षके समाजाने चिकटविलेली नावे आहेत, हे ध्यानात घ्यावे. ज्याला कोणतेही गाव आपले म्हणत नाही तो ‘उपरा’. आणि त्याच्या बाजूने साक्ष देणारा गावात कोणी नसतो. राईनपाड्यात मंगळवेढ्याच्या माणसांना हीच उणीव भोवली.

४.३.५ संतचरित्रांतील आळ

मंगळवेढा हे नाव मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला नवे नाही. दामाजीपंतांची ही भूमी, आणि संत चोखामेळा यांचे वास्तव्यही येथलेच. चोखोबांचा अंत मंगळवेढ्यात गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून झाला, असे परंपरा सांगते. त्यांच्या चरित्रकथांत विठ्ठलाचा हार चोरल्याचा आळ त्यांच्यावर आल्याचा आणि त्यासाठी त्यांना शिक्षा झाल्याचा प्रसंग येतो. संत जनाबाईंच्या कथेतही देवाचे पदक चोरल्याचा आळ आणि सुळाची शिक्षा आहे.

या कथांचे ऐतिहासिक प्रामाण्य तपासणे हा येथील हेतू नाही. आळ कोणावर येतो, एवढेच पाहावयाचे आहे. एक जण गावकुसाबाहेरचा, दुसरी घरकाम करणारी दासी. देवळातील वस्तू नाहीशी झाली की संशय प्रथम अशांकडे वळतो, हे कथाकारांना पक्के ठाऊक होते. कथेत अखेरीस देव धावून येतो आणि सत्य उघड होते. लोकमानसाने हा शेवट रचला, कारण खोट्या आरोपाचे निवारण माणसांच्या हातून होईल, असा भरवसा त्याला नसावा. राईनपाड्यातील माणसांच्या कथेला असा शेवट लाभला नाही.

४.३.६ वाळीत टाकणे : जुने आणि नवे

प्रत्येक ऑनलाइन आरोपाचा शेवट हत्येत होत नाही. पुष्कळदा माणूस जिवंत राहतो, पण त्याचे समाजातील स्थान नष्ट होते. नोकरी जाते, ओळखीचे लोक बोलणे टाकतात, घरच्यांना मान खाली घालावी लागते. या प्रकाराला अलीकडे ‘कॅन्सल कल्चर’ म्हटले जाते. नाव नवे असले, तरी मराठी समाजाला हा अनुभव परका नाही. ‘वाळीत टाकणे’, ‘हुक्का-पाणी बंद करणे’ हे त्याचेच जुने आविष्कार. जात-पंचायतींनी दिलेल्या अशा शिक्षांविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

दोन्हींतील एक भेद महत्त्वाचा आहे. जात-पंचायत अन्यायी असली, तरी तिला पंच होते. त्यांची नावे सांगता येत होती, म्हणूनच त्यांच्यावर खटला भरता आला. समाजमाध्यमावरील बहिष्काराला पंच नसतात. प्रत्येक जण केवळ एक संदेश पुढे पाठवितो किंवा एक शेरा लिहितो. शिक्षा मात्र सर्वांची मिळून होते. दुसरा भेद काळाचा आहे. गावाची वाळी उठविता येई. जालावरील नोंद पुसली जात नाही. आरोप खोटा ठरल्याची वार्ता आरोपाइतकी दूर कधीच पोहोचत नाही.

४.३.७ मग जाहीर आरोप करूच नये काय?

येथे एका गैरसमजापासून सावध राहिले पाहिजे. सर्व जाहीर आरोप खोटे असतात, किंवा पीडितांनी गप्प बसावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. दुर्बलांची तक्रार दडपली जाते, तेव्हा जाहीर बोलणे हाच मार्ग उरतो.

१९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचे प्रकरण घडले. सर्वोच्च न्यायालयाने पुढे आरोपींना निर्दोष ठरविले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार विधी-अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय चुकला, असा तो जाहीर आरोप होता. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायद्यात सुधारणा झाली.

या पत्राची आणि ४.३.३ मधील संदेशाची तुलना करावी. पत्राखाली चार नावे आहेत. ते कोणाला उद्देशून आहे, हे स्पष्ट आहे. कोणत्या निर्णयाविषयी आहे, हे नमूद आहे. कारणे दिलेली आहेत आणि ज्याच्यावर आक्षेप घेतला त्याला उत्तर देण्याची जागा आहे. आरोप तीव्र असू शकतो, सत्ताधीशांना झोंबणारा असू शकतो; तो निनावी आणि निरुत्तर करणारा नसावा, इतकेच. पीडितेचे नाव गुप्त ठेवणे आणि आरोपाची जबाबदारी कोणीच न घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४.३.८ कायदा आणि तंत्रज्ञान यांच्या मर्यादा

राईनपाड्याच्या घटनेनंतर जुलै २०१८ मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल, अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी नसलेल्या दर्जाचा अधिकारी नेमावा, हा त्यांतील एक. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे राईनपाड्याच्या घटनेला सहा वर्षे पूर्ण झाली त्याच तारखेला, लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून गटाने केलेल्या हत्येसाठी स्वतंत्र तरतूद आहे.

तथापि केवळ कठोर कायदा हे उत्तर नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनावरून दोन तरुणींना अटक झाली होती. त्यात वापरले गेलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. बोलण्यावर बंदी घालणारा कायदा निष्पापांवरही चालू शकतो. शिवाय कायदा घटनेनंतर येतो. राईनपाड्यात अनेकांना अटक झाली. अटकेच्या भीतीने गावातील पुरुष घरे सोडून गेले. बाजाराच्या दिवशी गजबजणारे गाव ओस पडले. मंगळवेढ्याकडील घरांनी कर्ती माणसे गमावली, आणि साक्रीकडील घरांत खटल्यांचे ओझे आले. ज्याने तो संदेश प्रथम लिहिला, त्याचे मात्र काहीच गेले नाही.

म्हणून या प्रश्नाचा एक भाग वाचकाच्या हाती राहतो. संदेश वाचताना रिकामी जागा कोठे आहे, हे पाहण्याची सवय ही भाषेच्या अभ्यासातून लागू शकणारी सवय आहे. ‘समजते’ असे वाचले की ‘कोणाला?’ असे विचारावे. ‘आपल्या भागात’ असे वाचले की ‘कोणत्या?’ असे विचारावे. आणि पुढे पाठविण्यापूर्वी, या मजकुराखाली मी माझे नाव आणि गाव लिहीन काय, एवढे स्वतःला विचारावे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २

१. जात-पंचायतीचा बहिष्कार आणि समाजमाध्यमावरील बहिष्कार यांतील दोन भेद सांगा.
२. १९७९ चे खुले पत्र जबाबदार आरोपाचे उदाहरण का मानावे?

४.४ सारांश

खोटा दोषारोप ही भाषिक कृती आहे. तोंडी अफवेला निदान सांगणारा असे. निनावी संदेशात जाणणारा, स्थळ आणि काळ या तिन्ही जागा रिकाम्या असतात. ही रिकामी जागा समाजातील पूर्वग्रह भरून काढतो आणि आळ दुर्बलांवर जातो. राईनपाड्यातील पाच जणांच्या मृत्यूमागे क्षणिक अफवा होती, तसा भटक्यांविषयीच्या संशयाचा दीर्घ इतिहासही होता. जाहीर आरोप हा लोकशाहीतील आवश्यक अधिकार आहे. मात्र त्याला नाव, आधार आणि उत्तराची संधी यांची जोड हवी.

४.५ शब्दार्थ

किटाळ – निष्कारण आलेला दोष.
बालंट – हेतुपूर्वक आणलेले संकट किंवा खोटा आरोप.
कुभांड – कारस्थान करून रचलेला खोटा आरोप.
कंडी – खोटी वार्ता, अफवा.
पाल – भटक्यांचा कापडी तंबू.
गावकूस – गावाभोवतीची भिंत.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) किटाळ येते, त्यात कर्ता स्पष्ट नसतो. कुभांड कोणीतरी हेतुपूर्वक रचतो, म्हणून त्याला जाब विचारता येतो. (२) त्याचा अर्थ वाचणाऱ्याच्या स्थळाप्रमाणे बदलतो, त्यामुळे प्रत्येकाला धोका आपल्याजवळ वाटतो.

प्रश्न – २ : (१) पंचायतीला नावनिशी असलेले पंच होते, समाजमाध्यमावर ते नसतात; गावाची वाळी उठविता येई, जालावरील नोंद टिकून राहते. (२) त्याखाली लेखकांची नावे होती, विषय निश्चित होता, कारणे दिलेली होती आणि उत्तरास वाव होता.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. निनावी संदेशाच्या भाषेची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘कायदा गेला, नजर राहिली’ या विधानाची ‘उपरा’ किंवा ‘उचल्या’ या आत्मकथनाच्या आधारे चर्चा करा.
३. टीप लिहा : संतचरित्रांतील आळाचे प्रसंग.

४.८ उपक्रम

आपल्या भ्रमणध्वनीवर आलेला, कोणावर तरी दोष ठेवणारा एक निनावी संदेश निवडा. त्यातील व्यक्तींची नावे गाळून तो वहीत उतरवा. कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसे या सहा प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नांची उत्तरे त्यात नाहीत, याची नोंद करा आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात ती वाचून दाखवा.